सोपाऱ्याला निघालेल्या ब्रिजित टीचर

ब्रिजित टीचरनी सोपाऱ्याचा स्तूप पाहिलेला नव्हता. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. वसईत जन्माला येऊन स्तूप न पाहिलेली माणसं पोत्याने सापडतील. पण टीचर भूगोल शिकवायच्या. सोपारा हे एके काळचं केवढं मोठं बंदर होतं, हे फळ्यावर खाडी काढून, खाडीत गलबत काढून, गलबताला शीडसुद्धा काढून शिकवायच्या. त्यांच्या भुईगावच्या घरापासून स्तूप रिक्षाने फार तर अर्ध्या तासावर. तरी पाहिला नव्हता. हट्टाने. बरं, स्वतः पाहिला नाही तर नाही, मलाही पाहू दिला नाही. आता रागवायला त्या नाहीत म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. असत्या तर समासात लाल पेनाने 'फाजील तपशील' असा शेरा पडून कागद परत आला असता.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची नोकरी वालीवच्या एका कारखान्यात, म्हणून आम्ही नालासोपाऱ्यात, आचोळ्याला बिऱ्हाड केलं आणि मी वसईतल्या एका मराठी शाळेत मराठी शिकवायला लागले. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक ठेंगण्याशा, भरल्या अंगाच्या बाई खिडकीपाशी बसून केळं खात होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात रबरी चपला, मांडीवर ही एवढी पुरुषी काळी छत्री. गळ्यात साखळीत क्रूस आणि त्याच्याच शेजारी दोरीत ओवलेली शिट्टी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठली गं तू?"

"सांगलीची."

"ते दिसतंच आहे. आज शाळेत आलीस कशी?"

"रिक्षाने."

"म्हणजे काहीच पाहिलं नाहीस," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी मला चालत स्टेशनला पोचवायला निघाल्या. वाटेत तीन घरं लागली. तिन्ही घरांत आम्ही 'उभ्या उभ्या' गेलो आणि तिन्ही घरांत बसलो. मी आचोळ्याला पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, हातात एक कच्ची पपई होती, आणि नवरा चौकीत जाऊन तक्रार द्यायच्या बेतात होता. "कुठे होतीस?" म्हणाला. मी म्हटलं, "मला नक्की सांगता येणार नाही." तेव्हापासून टीचर मला नावाने कधी हाक मारत नसत. 'ए सांगली' एवढंच.

टीचरांचं मराठी दोन प्रकारचं होतं. वर्गात त्या इतकं स्वच्छ, छापील बोलायच्या की मी मराठीची शिक्षिका असून मला माझ्या हेलाची लाज वाटायची. घरची बोली वेगळी. ती त्या फक्त दोघांशी बोलत, धाकट्या बहिणीशी, म्हणजे रेजिनाशी, आणि कोंबड्यांशी. दोघी बहिणी अविवाहित, एकाच घरात, एकाच केळीच्या वाडीवर. त्या बोलीतलं एक अक्षर मला कळायचं नाही. कोंबड्यांना मात्र सगळं कळायचं.

आता त्या हट्टाची गोष्ट. ती मला घरत सरांनी सांगितली. घरत सर आमचे इतिहासाचे शिक्षक, सोपाऱ्याकडच्या भातशेती करणाऱ्या घरातले. उंच, किडकिडीत, घड्याळाचे भक्त. वर्गात 'पाणी' म्हणायचे, पण चिडले की त्यांचं 'पानी' व्हायचं, आणि टीचरांसोबत असले की ते बहुतेक वेळ चिडलेलेच असायचे. कधी काळी टीचरांनी वर्गात पोरांना सांगितलं होतं, "अरे, आपलं शहर दोन हजार वर्षांचं. सकाळी किल्ल्यातून निघा, संध्याकाळी सोपाऱ्याच्या स्तूपाशी पोचा, सगळी वसई एका दिवसात पायाखालून जाते." घरत सर तेव्हा बाहेरून जात होते. ते दारात थांबले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "टीचर, तुम्ही गेला आहात का हो अशा?"

टीचरना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा दोषच होता. त्या म्हणाल्या, "नाही." मग छत्री आपटून म्हणाल्या, "पण जाणार. चालतच जाणार. आणि चालत पोचेन तेव्हाच स्तूपाकडे बघेन, तोवर रिक्षातून डोळा वर करून बघणार नाही."

झालं! बोलल्या ते बोलल्या. तेव्हापासून जानेवारीतला दुसरा शनिवार ठरलेला. शाळेला सुट्टी, हवा गार, नाताळचे पाहुणे परतलेले. टीचर, घरत सर आणि पुढे मी, असे तिघे किल्ल्यातून निघायचो. सरांनी स्तूप लहानपणापासून पाहिलेला, तर त्यांना तंबी होती, "घरत, कसा आहे, केवढा आहे, एक शब्द तोंडातून काढायचा नाही." मी नालासोपाऱ्यालाच राहते, भाजीला पश्चिमेला, स्तूपाच्याच रस्त्याने जाते, तर मला हुकूम, "माझ्याआधी बघितलास तर बघ." बाई गं, मी तिकडून जाताना चक्क मान फिरवून जायची. माझी मुलं मला वेडी म्हणायची.

"आधी सोपारा करून मग चालत किल्ला केला तर?" मी एकदा सुचवलं, "स्तूप जुना ना?"

"सांगली, तू सासरी गेलीस तेव्हा आधी खापरपणजोबांना भेटलीस का? आधी सासू-सासऱ्यांना नमस्कार, मग भिंतीवरच्या फोटोंना."

किल्ला दाखवण्याची त्यांची तऱ्हा काही औरच. सनावळी नाही, लढाया नाहीत. "तो घरतचा प्रांत," म्हणायच्या. त्या आम्हाला भिंतीला हात लावायला लावायच्या. एकदा उन्हाच्या बाजूला, एकदा सावलीच्या. "किती फरक आहे बघ. भिंत एवढी जाड का, ते आता कुणी सांगायला नको." छप्पर उडालेल्या चर्चमध्ये उभं राहून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "पोर्तुगीज गेले, पेशव्यांची फौज आली, ती गेली, इंग्रज आले, ते पण गेले. आमच्या वाडीतल्या केळी तेव्हापण लागत होत्या." मग पिशवीतून एकेक केळं काढून आमच्या हातात.

किल्ल्यात आजकाल लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एका नवऱ्या मुलाला छायाचित्रकार केव्हाचा 'सर, थोडा नॅचरल, थोडा नॅचरल' म्हणून विनवत होता. टीचरनी शिट्टी मारली. "पाठ सरळ! पोट आत!" तो बिचारा ताठ झाला, नवरी खळखळून हसली, आणि तोच फोटो चांगला आला म्हणे. दुसऱ्या एका कोपऱ्यात एक कॉलेजकुमार भिंतीवर दगडाने नाव कोरत होता. टीचर त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "अर्धवट का लिहितोस? आडनाव, इयत्ता, तुकडी, वडिलांचा फोन नंबर, सगळं लिही. म्हणजे आम्हाला बरं." तो जो पळाला, तो खंदकापलीकडे गेल्यावरच थांबला असेल.

तिथपर्यंत आमचा वेळ चोख असायचा. सर घड्याळ बघून मान डोलवायचे. घोटाळा त्यानंतर.

तो समजून घ्यायचा तर आधी टीचरांची पिशवी समजली पाहिजे. घरच्या वाडीतल्या केळ्यांनी भरलेली कापडी पिशवी घेऊन त्या निघायच्या. कारण कुणाच्या घरात रिकाम्या हाताने शिरायचं नाही. आणि वसईतल्या वाड्यांमध्ये रिवाज असा की घरासमोरून ओळखीचं माणूस निघालं की हाक मारायची, आणि आत आलेल्याला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. अर्धी वसई टीचरांची विद्यार्थी, उरलेली अर्धी नातलग. म्हणजे बघा, गिरीजला पोचेतो केळी जाऊन पिशवीत पापडीच्या शेंगा आलेल्या असायच्या. पुढच्या घरी शेंगा देऊन अंडी. मग अंडी फुटू नयेत म्हणून चाल मंद. कुणी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी दिली, कुणी तळलेले फुगे, म्हणजे मैद्याचे टम्म गोळे दिले, कुणी नुसतीच मिठी मारली आणि तासभर रडून घेतलं. निघताना टीचरांच्या खांद्यावर असलेली पिशवी दुपारपर्यंत माझ्या खांद्यावर यायची, कारण टीचरना ती पेलायची नाही.

"टीचर, नको म्हना ना एकदा तरी!" सर कळवळायचे.

"नको कसं म्हणणार? तिनं हाक मारली ना?"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात होतं.

माझ्या पहिल्या वर्षी आम्ही भुईगावपर्यंत पोचलो. तिथे वाटेवरच टीचरांचं घर. ओटीवर रेजिना उभी. "पाच मिनिटं बसा, पाणी तरी प्या," म्हणाली. पाण्याबरोबर तांदळाची भाकर आली, भाकरीबरोबर माशांचं कालवण आलं, कालवणाबरोबर भात. जेवल्यावर टीचर "डोळे मिटते जराशी," म्हणून आरामखुर्चीत टेकल्या आणि अशा घोरू लागल्या की अंगणातल्या कोंबड्या लांब जाऊन बसल्या. सर ओटीवर घड्याळ हातात धरून येरझाऱ्या घालत होते. जाग आली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं.

"टीचर, सूर्य!" सर ओरडले.

"सूर्य उद्यापण आहे, घरत. चहा घे."

दुसऱ्या वर्षी वाघोलीच्या अलीकडे एका लग्नाच्या वरातीत सापडलो. बँडवाला टीचरांचा जुना नापास विद्यार्थी निघाला. त्यानं वाजवणं थांबवून सगळ्या वरातीला सांगितलं की ह्या आमच्या टीचर. मग काय विचारता! टीचर नाचल्या. छत्री उघडून, शिट्टी वाजवत नाचल्या. मी पायात चालायचे बूट आणि अंगावर धुळीचा कुडता घालून नवरीच्या शेजारी फोटोत उभी आहे, तो फोटो त्या घरात भिंतीवर लावलेला आहे. मी कोण, हे त्या घरात कुणालाही माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी सरांनी सूत्रं हातात घेतली. "घरांवरून जायचंच नाय. समुद्रानं जायचं. किनाऱ्याकिनाऱ्यानं भुईगाव, तिथून मागच्या वाटेनं निर्मळ. कोन हाक मारतंय बघतो!" टीचर तेव्हा नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांनाही युक्ती पटली. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला, त्यावर छत्री इतकी खाली ओढली की आतून फक्त हनुवटी दिसत होती. किल्ल्यातून निघून आम्ही चोरासारखे पाचूबंदरला उतरलो. वाळूवर दांड्यांना बोंबील वाळत होते. त्यांच्याआड एक म्हातारी कोळीण जाळं विणत बसली होती. तिनं मान वर केली नाही. आम्ही पुढे गेलो. सरांनी समाधानाने श्वास सोडला.

मागून आवाज आला, "टीचर, छत्रीनं तोंड झाकलं, चाल कुठं झाकशील? पानी पिऊन जा!"

टीचर जागच्या जागी थांबल्या. छत्रीच्या आत त्या हसत होत्या, मला छत्री हललेली दिसत होती. "घरत," त्या म्हणाल्या, "आता तिनं हाक मारली." त्या दिवशी आम्ही वसईच्या बाहेरच पडलो नाही. परतताना पिशवीत इतके सुके बोंबील होते की रिक्षावाल्याने आम्हाला बसवून घेतलं नाही, आणि टीचर म्हणाल्या, बरं झालं, चालायलाच निघालो होतो ना.

हे सगळं हसण्यावारी जायचं, कारण पुढचं वर्ष होतंच की. मग एका दिवाळीत टीचरांचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले आणि सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील, आणि त्यानंतर घरातल्या घरात फिरा, असलं लांबचं चालणं विसरा. मी भेटायला गेले तर टीचर वाडीत एका केळीला टेकून उभ्या होत्या. मी कधी त्यांना टेकून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"सांगली," त्या म्हणाल्या, "जानेवारी एकच उरला गं. मला तो स्तूप बघायचाय. पोरांना इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवला, आणि न बघताच मरायचं म्हणजे नक्कल करून पास झाल्यासारखं."

म्हणून त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्या चर्चच्या दारात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, "शनिवारी मी घरावरून जाईन. मला हाक मारायची नाही. पाणीसुद्धा विचारायचं नाही. मला सोपारा गाठायचाय." गिरीज, वाघोली, निर्मळ, सगळीकडे निरोप गेले. हिंदूंच्या वाड्यांतही गेले. टीचरनी सांगितलंय म्हणजे वसईत ते मोडण्याची कुणाची बिशाद!

शनिवारी आम्ही निघालो. टीचरांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे, छत्री काठीसारखी टेकत. किल्ला भराभर उरकला. पापडी गाव मागे पडलं. गिरीजला पहिलं घर आलं, तिथली बाई अंगणात धान्य निवडत होती. तिनं आम्हाला पाहिलं, सूप उचललं आणि आत गेली. पुढच्या घरातली पोरं फाटकावर लोंबकळत होती, त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. सर खूश! "बघा टीचर, शिस्त बघा!" टीचर छत्री टेकत चालत राहिल्या. एक म्हातारा वाडीत पाणी सोडत होता, तो टीचरांचा लांबचा भाऊ. त्यानं आम्हाला येताना पाहिलं आणि चक्क पाठ फिरवून उभा राहिला. बिचारा आज्ञा पाळत होता. त्याची मान अवघडलेली मला दिसत होती.

मग भुईगाव आलं, टीचरांचं स्वतःचं घर. ओटीवर रेजिना उभी होती. पदर तोंडात धरून. तिनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही तिच्याकडे पाहिलं. टीचरांची चाल मंदावली. मला वाटलं, आता रेजिना बोलणार. ती हूं की चूं नाही. डोळे भरलेले, पण तोंड बंद. टीचर फाटकापाशी क्षणभर थांबल्या आणि पुढे चालू लागल्या.

"माझ्याच घरात मला कुणी पाणी विचारलं नाही," त्या चालता चालता म्हणाल्या. रस्त्यात फोटो काढणारे होते, त्यांना शिट्टी मारली नाही. निर्मळच्या तलावाकाठी कॉलेजची मुलं कचरा टाकत होती, त्यांना ओरडल्या नाहीत. नुसत्या चालत होत्या. सर पुढे, घड्याळ बघत, अगदी आनंदात.

आणि काय सांगू, आम्ही दुपारीच सोपाऱ्याला पोचलो! इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते जेवणवेळेला जमलं. समोर स्तूपाचं फाटक. सर पळत पुढे गेले, त्यांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला, तो त्यांनी दर वर्षी आणला असणार हे मला तेव्हा कळलं. फाटकाशी एक चौकीदार बसला होता, साधासुधा मराठवाड्याकडचा माणूस. टीचर घामाने चिंब झालेल्या पाहून तो उठला. "या ना बाई, आत या. सावलीत बसा, पाणी देतो."

टीचर थांबल्या. त्या दिवसातली ती पहिली हाक. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडे. पिशवी केळ्यांनी भरलेली, सकाळी होती तशीच, एकही केळं कमी नाही. आणि टीचरनी छत्री उघडली, ती फाटकाच्या बाजूला आडवी धरली, आणि आतलं काही दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

"चला," त्या म्हणाल्या. "मागे फिरा."

"टीचर!" सर किंचाळले. "अवो, चार पावलं! चार पावलांवर हाय!"

"असू दे."

"गुडघे गेले तुमचे! पुढच्या वर्षी कसं यायचं? मी सांगतो, मी उचलून नेतो आत!"

"घरत," टीचर म्हणाल्या, "मी वसई कुठे पाहिली आज? नुसता रस्ता पाहिला. पिशवी बघ माझी. अशी भरलेली पिशवी घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?" मग चौकीदाराकडे वळून हात जोडले. "बाबा, तू बोलावलंस, मी आले नाही, राग मानू नकोस. आज आधी घरच्यांकडे जायचं राहिलंय."

सर रस्त्याच्या कडेला बसले. मी त्यांना एक पेढा दिला. तो त्यांनी खाल्ला, पण इतक्या रागाने पेढा खाताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

परतीचा प्रवास मात्र काय वर्णावा! निर्मळच्या पहिल्या ओळखीच्या घराचं फाटक टीचरनी छत्रीने ढकललं. "मला हाक का नाही मारलीस?"

"टीचर, तुम्हीच सांगितलं होतं ना!"

"मी सांगेन! मी काय वाटेल ते सांगेन! तू ऐकायचं?"

त्या घरातली बाई हसावं की रडावं अशी उभी. मग तिनं रडून घेतलं, मग चहा टाकला. प्रत्येक घरी हेच. "माझं ऐकायला तुला कुणी सांगितलं?" वाघोलीला कुणी तरी जेवायला बसवलं. शिट्टी पुन्हा वाजू लागली. पिशवीत केळ्यांच्या जागी नारळ आले, वांगी आली, पाय बांधलेली एक जिवंत कोंबडी आली आणि ती अर्थातच माझ्याकडे आली. अंधार पडताना भुईगाव गाठलं. रेजिना तशीच ओटीवर होती, सकाळपासून जेवली नव्हती. दोघी बहिणी आपल्या बोलीत जे भांडल्या, ते भांडण कळायला भाषा लागत नव्हती. मधेच थांबून टीचर घटाघटा पाणी प्यायल्या, आणि पुन्हा भांडल्या. "गिरीज राहिलं," झोपायला जाताना म्हणाल्या. "त्यांना सकाळी फोन करून झापते."

स्तूप राहिला तो राहिलाच. शस्त्रक्रिया झाली. टीचर वॉकर धरून ओटीवर आणि ओटीवरून फाटकापर्यंत, एवढंच त्यांचं जग उरलं. मला वाटलं होतं त्या खचतील. छे! पुढच्या जानेवारीत त्यांनी हुकूम सोडला, "तुम्ही दोघं जा. किल्ल्यातून निघा, सोपारा गाठा. आता बघायला परवानगी आहे. मला येऊन सांगा कसा आहे."

आम्ही गेलो. भुईगाव जवळ आलं तसे सर म्हणाले, "हे बघा मॅडम, टीचरनी पाहिलं तर आज गेलो आपन. मागच्या कुंपनाकडून जाऊ." सरांनी स्वतःची छत्री उघडून तोंडापुढे धरली, मी त्यांच्या आडोशाने. कुंपण जवळजवळ ओलांडलं होतं.

"घरत! छत्रीनं तोंड झाकलंस, चाल कुठे झाकशील?"

मग काय! पाणी, भाकर, कालवण, भात. टीचर पुन्हा आरामखुर्चीत घोरल्या. त्या दिवशी सरही घोरले. ऊन उतरल्यावर टीचरनी माझ्या हातात केळ्यांची फणी दिली. "चौकीदाराला दे. त्यानं मला हाक मारली होती आणि मी गेले नव्हते." ती केळी आम्ही पोचवली. रिक्षाने, हो, रिक्षाने. केळ्यांनी काही चालत जायची शपथ घेतलेली नव्हती. फाटक तोवर बंद झालं होतं, मी चौकीदाराला बाहेरूनच फणी दिली आणि सवयीने मान फिरवून परतले. स्तूप मी अजून पाहिलेला नाही. आता टीचर नाहीत, पाहायला कुणाची ना नाही, आणि म्हणूनच एकटीने पाहावासा वाटत नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर त्या राहिल्या आहेत त्या त्याच संध्याकाळच्या, रिक्षा मिळायच्या आधीच्या. आम्ही निरोप घेऊन निघालो होतो. गल्लीच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. टीचर वॉकर ढकलत फाटकापर्यंत आल्या होत्या. रस्त्यावर एक तरुण जोडपं मोटारसायकल थांबवून फोनमधला नकाशा फिरवून फिरवून बघत होतं, मुंबईहून आलेलं असावं. मुलगा काहीतरी विचारत होता.

"स्तूप?" टीचरांचा वर्गातला आवाज खणखणीत ऐकू आला. "आहे ना! दोन हजार वर्षं तिथेच आहे, कुठे पळतोय? तुम्ही आधी आत या. पाणी प्या."

मुलीनं मुलाकडे पाहिलं, मुलानं आकाशाकडे पाहिलं. टीचरनी एका हाताने वॉकर धरला आणि दुसऱ्या हाताने फाटक पुरतं उघडलं. मुलगा गाडी स्टँडवर लावू लागला.

घरत सरांनी घड्याळ पाहिलं. "संपलं," ते म्हणाले. "ही दोघं काय आज पोचत नाहीत."